वाफेच्या गोष्टीला हुंकार

ऊन चढायला लागलं की शेजारची सुनंदा ओसरीवर बसून मोठ्यानं अभ्यास करते. आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही वर छपरापर्यंत गेलेली नाही, त्यामुळे तिचा आवाज सरळ माझ्या चुलीपाशी येतो. काल सकाळी मी तांदूळ निवडत होते. ती काहीतरी पाठ करत होती, पाणी तापतं कसं, त्याची वाफ होते कशी, आणि माझ्या तोंडून आपोआप "हं" निघालं. जरा मोठ्यानंच निघालं असावं, कारण ती थांबली आणि भिंतीपलीकडून म्हणाली, "काकू, मले काही म्हटलं काय?"

मी "नाही गं" म्हणाले आणि मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले. पण त्यानंतर ताटातला खडा काही दिसेना.

तिचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी ओठ दाबून धरले. अंगणातल्या कडुनिंबाला मोहोर आला आहे, त्याचा कडसर गोड वास घरात भरला आहे. दारावर ओलं पोतं टांगलं आहे. अगदी असाच वास आणि असंच पोतं त्या उन्हाळ्यातही होतं.

माझं माहेर खाप्याचं. पावसाळा सरून कन्हानचं पाणी उतरलं की माझे वडील नदीच्या वाळूत डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, लावत. वाळूत खड्डे करायचे, खड्ड्यात शेणखत, त्यात बी. उन्हाळ्यापर्यंत त्या पांढऱ्या वाळूवर हिरवे वेल पसरत आणि पानांआड डांगरं लपून बसत. संध्याकाळी वाळू निवली की वडील खोपीसमोर आडवे होत आणि गोष्ट सांगायला लागत. गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार देणारं माणूस लागतं. प्रत्येक वाक्यानंतर कुणीतरी "हं" म्हणायला हवं. हुंकार थांबला की वडील गोष्ट तिथंच सोडून देत. राजपुत्र विहिरीत दोराला लोंबकळत असला तरी त्याला तसाच लोंबकळत ठेवून ते कुशीवर वळत. भावंडं झोपून जायची, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. चारचौघांत मला तोंड उघडता येत नसे, अजूनही येत नाही. पण राजपुत्राला विहिरीत सोडणं माझ्या जिवावर येई. डोळे मिटत आले तरी मी हं म्हणत राही.

आमच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याच साली माझी चौथी झाली. वडील परतताना वाटभर म्हणत होते, आता आपल्या पोरी शिकतील. पुढे आई अंथरुणाला खिळली आणि मी घरीच राहिले. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला पुढे वेळ मिळाला.

लग्न होऊन मी नागपुरात आले ती सक्करदऱ्याच्या तळ्यापलीकडच्या वस्तीत. घरात सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, आमचे हे, आणि माझा धाकटा दीर मधुकर. तो तेव्हा लहान होता, नाक ओढत शाळेत जाणारा. हे मिलमध्ये होते. मागाच्या आवाजानं कान हळूहळू चालले होते, त्यामुळे घरात सगळेच मोठ्यानं बोलत. मी बोलत नव्हते म्हणून मधुकरला मी सापडले. त्याला डोळ्यांनी वाचून पाठ होत नसे. मी भाकरी थापत असले की तो समोर उकिडवा बसून धडा सांगायला लागे, आणि मी सवयीनं हं म्हणे. हं चुकला की अडे. "वहिनी, तू ऐकून नाही राहिली," असं म्हणून मागच्या वाक्यापासून पुन्हा सुरू करी. पाढे, नद्या, राजांच्या लढाया, सगळं माझ्या चुलीपुढून गेलं. माझं शिक्षण चौथीनंतर असं भाकरीच्या पिठात झालं.

त्याला मिशा फुटल्या, तो विद्यापीठात केमिकल इंजिनीअरिंगला लागला, तरी ही सवय सुटली नाही. आमच्या वस्तीत इंजिनीअर म्हणजे पूल बांधणारा. केमिकलचा इंजिनीअर काय बांधतो हे कुणालाच कळत नव्हतं. आत्याबाई शेजारणींना सांगत, "साबण-सोड्याचं शिकून राहिला माहा पोरगा." एवढ्या अभिमानानं सांगत की कुणाची पुढे विचारायची छाती होत नसे.

त्याच्या धड्यांतला मला आवडायचा तो मनोऱ्याचा. एक उंच लोखंडी मनोरा असतो, त्यात मजले असतात. खाली आग. दोन द्रव एकमेकांत मिसळलेले असतात, ते वेगळे करायचे. वाफ खालून वर चढते, पाणी वरून खाली उतरतं, आणि प्रत्येक मजल्यावर दोघांची गाठ पडते. वाफेतलं जड असेल ते पाण्याबरोबर खाली जातं, पाण्यातलं हलकं असेल ते वाफेबरोबर वर. असं करत करत सगळ्यात वरच्या मजल्यावर निव्वळ हलकं पोचतं. तो हातानं दाखवी. एक हात वर, एक हात खाली. आकडे आणि इंग्रजी शब्द आले की मी हरवून जाई, पण हं चुकू देत नसे.

आत्याबाई खाटेवरून पाहत असत. एकदा म्हणाल्या, "तुले काय समजते वं त्याच्यातलं? नंदीबैलासारखी मान हालवून राहिली."

मधुकर म्हणाला, "आई, आमचे सर बी एवढं ऐकून घेत नाहीत."

"मग तिलेच देऊन टाक म्हणा डिग्री."

"देऊन टाकू. आधी मले तं भेटू दे."

शेवटच्या वर्षात त्यांच्या शिक्षणात कारखान्यात जाऊन काही महिने काम शिकायची सोय होती. सक्ती नव्हती. ज्याला जायचं त्यानं जावं. त्यानं घरी सांगितलं तेव्हा ह्यांनी कानामागे हात धरून विचारलं, "नाही गेला तं डिग्री नाही भेटत काय?"

"भेटते."

"मग काहून जातं?"

"भाऊ, इतके साल मी वाफ वाफ करून राहिलो. मोठ्या कारखान्यातली वाफ एकदा डोळ्यानं पाहून येतो."

हे हसले. म्हणाले, "वाफ पाहाले जातो म्हणते." आणि जेवायला बसले, म्हणजे परवानगी मिळाली. वऱ्हाडात सरकीचं तेल आणि साबण करणारा एक कारखाना होता, तिथं त्याची नेमणूक झाली. निघताना ट्रंक उचलून दारात थांबला आणि मला म्हणाला, "येऊन तुले सगळं सांगतो वहिनी. तू फक्त हं म्हणजो."

तो गेल्यावर भाकरी करताना मला चूल फार मोठी वाटायची. आता काय पाहत असेल, आल्यावर कुठून सुरू करील, याचा मी विचार करी. ऐकायची अशी भूक असते हे मला तोवर माहीत नव्हतं.

हिवाळ्यात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, हिरव्यागार जुड्या बाजारात आल्या की आमच्या भागात घरोघरी सांबारवडी होते. बेसनाच्या पातळ पारीत सांबार, खोबरं, खसखस भरून तळलेली लांबट वडी. मधुकरचा जीव तिच्यावर. पण ती ताजी खावी लागते. एकदा वरचा पापुद्रा नरम पडला की तिच्यात काही राहत नाही. हिवाळा सरता सरता आमच्या गल्लीतले वासुदेवभाऊ मधुकरच्या कारखान्याच्या गावी सोयऱ्यांकडे निघाले होते. मी पहाटे उठून वड्या तळल्या, डब्यात कागद घालून भरल्या आणि त्यांच्या हाती दिल्या. म्हटलं, "पोचल्या पोचल्या खाय म्हणा त्याला. ठेवू नको म्हणा." मी कुणाला सहसा निरोप देत नाही. तो दिला.

मधुकर ठरल्या वेळेच्या आधीच परत आला. होळी जवळ होती. पोरं लाकडं गोळा करत हिंडत होती. त्यानं ट्रंक भिंतीशी ठेवली, आईच्या पाया पडला, खाटेवर बसला. मी पाणी दिलं, गूळ दिला. चुलीपुढचा पाट झटकून ठेवला. तो पाटाकडे पाहत बसला आणि मग भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

त्या दिवशी तो बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आत्याबाई म्हणाल्या, थकला असेल. नंतर म्हणाल्या, नजर लागली. मग त्याही बोलेनाशा झाल्या. मी कढई चुलीवर ठेवली की तो उठून बाहेर जाई, भर उन्हात, डोक्याला काही न बांधता. तेल तापल्याचा वास घरातून गेला की मगच परते. मी तळणं बंद केलं. पुढे फोडणीही बंद केली. आम्ही सगळे उकडलेलं खात होतो आणि का खातो ते कुणी कुणाला विचारत नव्हतं.

वासुदेवभाऊ सोयऱ्यांकडे राहून उशिरा परतले. दारात उभं राहूनच, रिकामा डबा माझ्या हाती देत, त्यांनी सांगितलं. "वहिनी, तुमच्या वड्या अशा वक्तावर पोचल्या का काय सांगू."

मधुकरला कारखाना शिकवणारे एक जुने कामगार होते, दौलतराव. साबणाच्या मोठ्या कढईतून नमुना काढून आणायचं काम त्या वेळी मधुकरचं होतं. तेवढ्यात डबा आला. मधुकरनं उघडला. दौलतराव म्हणाले, "तू खाय पोट्ट्या, नरम पडतीन त्या. नमुना मी आणतो. माह्यासाठी दोन ठेवजो." कढईची तोटी साबणानं तुंबली होती. त्यांनी ती ठोकली. तुंबलेलं एकदम सुटलं आणि कातडी जाळणाऱ्या सोड्याचं उकळतं पाणी त्यांच्या तोंडावर आलं. दोन्ही डोळ्यांत गेलं.

"त्याले इथंच आणलं हाये," वासुदेवभाऊ म्हणाले, "धंतोलीत. डोळ्याच्या दवाखान्यात. मधुकरले माहीत हाये."

ते गेले तरी मी डबा धरून उभी होते. घासून आणलेला होता. त्यांच्या सोयऱ्यांकडच्या बाईनं राखेनं घासला असेल, बिचारीनं.

मग तो उन्हाळा. नागपूरचं ऊन नागपूरच्या माणसाला काय सांगायचं. तळं मागे मागे सरकलं आणि मधल्या गाळाला भेगा पडल्या, त्यांत पोरं काठ्या खुपसून खोली मोजत. दुपारी वस्तीत चिटपाखरू दिसत नसे. पाण्याच्या माठाला बाहेरून घाम यायचा, तेवढीच ओल. खाटेवर मधुकर आणि खाटेखाली त्याची पुस्तकं, मी रोज झाडताना उचलून ठेवायची तशीच. परीक्षा जवळ आली होती. त्याचा एक मित्र सायकल मारत भर उन्हात आला, खाटेशी बसून म्हणाला, "बे मधू, चाल ना. लायब्ररीत कूलर लागला. झोपाले तं चाल." मधुकरनं तोंड वळवलं नाही. मित्र जाताना दारात मला हळूच म्हणाला, "वहिनी, यंदा नाही बसला तं वर्ष जाईन. अन् एकदा घरी बसलेले आमच्यातले वापस येत नाहीत, मी पाहिले हायेत. कसंबी करून त्याले हॉलपर्यंत आणा."

कसंही करून म्हणजे कसं, ते कुणालाच माहीत नव्हतं. आत्याबाई विहारात मेणबत्ती लावून आल्या. हे पाळीवरून येत, सायकल टेकवत आणि ओरडत. कान गेलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा होतो ते कळत नाही.

"पेपर नाही देणार तं काय करशीन?"

मधुकर भिंतीला म्हणाला, "मिलमधे लावून द्या."

"काय म्हणते?" ह्यांनी मला विचारलं. मला ते मोठ्यानं सांगावं लागलं, की मिलमध्ये लावून द्या म्हणतो.

 हे खाली बसले आणि कपाळ गुडघ्यावर टेकलं. "मी कानानं गेलो तिथं," ते म्हणाले. पहिल्यांदाच हळू म्हणाले.

एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी भिंतीशी बसून डाळ वेचत होते. मला वाटलं, त्याला सांगता येत नसेल तर आपण सांगून पाहावं. सुरुवात करायलाच मला फार वेळ लागला.  मग मी म्हणाले, "एक उंच मनोरा असतो. लोखंडाचा." खाटेवर काही हललं नाही. "त्यात मजले असतात. खाली आग असते. वाफ वर चढते." मी थांबले, हं यावा म्हणून. आला नाही. "पाणी वरून खाली येतं. प्रत्येक मजल्यावर गाठ पडते." पुढचं मला येत होतं, इतक्या वेळा ऐकलेलं. पण शब्द पायाखालच्या वाळूसारखे सरकायला लागले. समोरून हुंकार नसेल तर बोलणारा माणूस किती एकटा असतो ते मला त्या दुपारी कळलं. हलकं कुठं जातं आणि जड कुठं, यात माझी गफलत झाली. मी उलटं सांगितलं. तो चुकीसाठी तरी वळेल, रागावेल, "तू ऐकून नाही राहिली" म्हणेल, असं वाटलं. तो वळला नाही. मी डाळीत तोंड घालून रडले. आवाज केला नाही. आमच्या घरात तेव्हा मोठ्यानं रडणं तेवढं व्हायचं राहिलं होतं.

धंतोलीला मी एकटी गेले. आत्याबाईंना बाजारात जाते असं सांगितलं. एकटीनं कुठं जायची मला सवय नाही. रिक्षावाल्यानं "कुठी जायचं बाई?" म्हटलं तरी अंग चोरलं जाई. कैरीचं पन्हं करून बरणीत घेतलं होतं. वडी करायची माझी छाती झाली नाही, आणि त्या दिवसांत सांबारही कुठं मिळतं? मिळालं तरी पिवळं.

धंतोलीत तेव्हाही दवाखान्याला दवाखाना लागून होता. फाटकाबाहेर झाडाखाली गावोगावची माणसं पथाऱ्या पसरून बसलेली, कुणी यवतमाळकडचं, कुणी चंद्रपूरकडचं. कुणाच्या डोळ्यावर पट्टी, कुणाच्या पोटावर टाके. बायका विटांवर खिचडी शिजवत होत्या. सगळ्यांना एकमेकांचं दुखणं माहीत होतं. दौलतरावांचं नाव सांगितलं तर एकीनं खाट कोणत्या खोलीत ते हातानं दाखवलं आणि वर म्हणाली, "सोड्यावाला ना? जा, आज बोलून राहिला."

दोन्ही डोळ्यांवर जाड पांढरी पट्टी. खालचा गाल सोललेला. पायाशी त्यांची बायको पदरानं वारा घालत होती. तिनं विचारलं, "कोण व्हा तुम्ही?"

"मधुकरची वहिनी."

खाटेवरून आवाज आला, "वड्यावाली?"

मला हं म्हणता येईना.

"दोन ठेव म्हटलं होतं," दौलतराव म्हणाले. "ठेवल्या होत्या काय त्यानं? का खाल्ल्या?"

"मला माहीत नाही."

"विचारजो त्याले." मग म्हणाले, "तो कुठी हाये?"

मी सांगितलं. मला वाटलं होतं त्याहून जास्त सांगितलं. भिंतीकडे तोंड करून पडतो, पुस्तक उघडत नाही, परीक्षेला बसणार नाही म्हणतो. माझ्या मनात वेडी आशा होती की ते म्हणतील, जाऊ द्या, पोराचा काय दोष. तसं ते म्हणाले नाहीत.

"भिंतीकडे तोंड करून पडते? मजा हाये त्याची. त्याले भिंत तरी दिसते." त्यांची बायको तोंडाला पदर लावून उठून गेली. "बाई, मले पन्हं नको. मी इथं पडून राहिलो, कारखान्यातलं कोणी येत नाही. माही बायको रडते तेवढा आवाज येते मले दिवसभर. त्याले सांग, लपून काहून बसला? इथं येऊन बस म्हणा. बोल म्हणा काही. माफी नको मांगू म्हणा, नाही तं मी बरणी फेकून मारीन."

बरणी मी त्यांच्या हाताशी ठेवली होती. ते चाचपत होते.

घरी आल्यावर मी खाटेशी उभी राहिले आणि म्हणाले, "दौलतरावांनी तुला बोलावलं आहे. धंतोलीला."

तो उठून बसला. "तू गेली होती?"

"हो."

"एकटी?"

"हो."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग चपला शोधायला लागला. त्या कुठं होत्या ते त्याला आठवत नव्हतं, इतक्या दिवसांत त्यानं घातल्याच नव्हत्या.

त्यानंतर तो रोज जाऊ लागला. काय बोलतो, काय नाही, घरी काही सांगत नसे. एकदा मी डबा घेऊन गेले तर खोलीच्या दारातच पाय थांबले. मधुकर स्टुलावर बसून मनोऱ्याची गोष्ट सांगत होता. एक हात वर, एक हात खाली, समोरच्याला दिसत नाही हे विसरून. आणि पट्टीखालचं तोंड वाक्यागणिक "हं" म्हणत होतं. खेड्यातलं माणूस, त्यालाही कुणीतरी लहानपणी ती सवय लावली असणार. आजूबाजूच्या खाटांवरचेही ऐकत होते. मधुकर आठवायला थांबला की दौलतराव विचारत, "मग? त्या वाफेनं काय केलं गा पुढं?"

बायको म्हणाली, "हे काय सांगून राहिला तो? कोणत्या देवाची कथा हाये?"

"कारखान्याची हाये. चूप बस."

मी डबा दारातच ठेवून परत फिरले. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. पण रस्ताभर मनात एकच येत होतं, तो हं माझा होता. इतकी वर्षं पिठाच्या हातांनी सांभाळलेला. असं वाटणं चांगलं नाही हे मला कळत होतं.

सगळेच दिवस तसे नव्हते. एकदा वासुदेवभाऊ भेटायला गेले होते, त्यांनी सांगितलं. धडा चालू असताना दौलतराव एकदम ओरडले, "बंद कर तुही वाफ. माह्या डोळ्याचं सांग. ते कोणत्या मजल्यावर गेले?"  मधुकर खाली पाहत बसून राहिला, उठला मात्र नाही. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला.

पट्टी सोडली तेव्हा मधुकर तिथंच होता. उजेडही दिसला नाही. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं.

मधुकर परीक्षेला बसला, पास झाला. आज तो लांब एका मोठ्या कारखान्यात आहे आणि त्याच्या हाताखाली अशीच शिकायला आलेली पोरं असतात. नमुना काढायला तो त्यांना एकटं पाठवत नाही, स्वतः बरोबर जातो, असं त्याची बायको सांगते. सुट्टीत आला की दौलतरावांच्या गावी जाऊन येतो. आल्यावर त्याचा चेहरा असा असतो की कुणी काही विचारत नाही. पास झाल्याचे पेढे आत्याबाईंनी वस्तीभर वाटले होते. "साबण-सोड्याचा इंजिनीअर झाला," म्हणत. सोडा हा शब्द आला की मी उठून आत जाई, पण त्यांना कसं सांगणार. हे सगळं झालं, खरं आहे. तरी तो उन्हाळा आठवला की मला त्यातलं काही आठवत नाही. आठवते ती परीक्षेच्या आदल्या दिवसाची दुपार.

तो धंतोलीहून फार लवकर परतला. पोतं बाजूला सारून आत आला तेव्हा मी चुलीपुढं होते. म्हणाला, "घेऊन गेले त्यांना सकाळच्या गाडीनं. खाट रिकामी हाये." मग म्हणाला, "एक धडा राहिला होता."

 उद्या सकाळी पेपर होता. हा पुन्हा भिंतीकडे वळला तर पुढं काही नव्हतं, ना त्याला, ना ह्यांना, ना मला. माझ्या हातात पीठ होतं. मी पायानंच पाट पुढं सरकवला.

तो बसला. पुष्कळ वेळानं सुरू झाला. राहिलेला धडा होता तो, तापलेलं कसं निववायचं, एका नळीतून गरम जातं, बाहेरून थंड वाहतं, असं काहीसं. आवाज घोगरा झाला होता. मी हं म्हणाले. पहिला हं नीट उमटलाच नाही. दुसरा उमटला. भाकरीमागून भाकरी झाली, खाणारं कुणी नसताना. धडा संपत आला तसं मला वाटलं, आता उठेल. तो उठला नाही. त्याच आवाजात, मध्ये श्वासही न घेता, तो म्हणाला, "मी डबा उघडला होता."

"हं."

"ते म्हणाले, तू खाय."

"हं."

"दोन मी कागदात बांधून बाजूले ठेवल्या होत्या. त्या तिथंच राहिल्या."

"हं."

"ओरडल्यावर मी धावलो. डोळ्यात पाणी मारायचं, आम्हाले शिकवलं होतं, पहिले पाणी. नळ बाजूलेच होता." त्यानं दोन्ही हात समोर धरले आणि त्यांच्याकडे पाहिलं. "माहे हात तेलकट होते वहिनी. वड्यांच्या तेलानं. नळाचं चाक धरलं का हात सटके. फिरेच ना."

मी तव्यावरची भाकरी उलटायला विसरले. जळल्याचा वास आला. ते माझ्या कढईतलं तेल होतं. पहाटे उठून तापवलेलं. मला हुंदका येत होता आणि हं येत नव्हता. तो माझ्याकडे पाहत थांबला होता, लहानपणी थांबायचा तसा. वाळूवर आडवे झालेले वडील मला दिसले, आणि विहिरीत लोंबकळणारा तो राजपुत्र. मी आता गप्प राहिले तर हा पोरगा जन्मभर त्या नळापाशीच उभा राहणार होता, तेलकट हात धरून.

"हं," मी म्हणाले.

"मग मी अंगातला सदरा काढला," मधुकर म्हणाला. "सदऱ्यानं धरून फिरवला. तेव्हा आलं पाणी."

"हं."